वीसपैकी शून्य

माझ्या भाऊजींचा कान तयार आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला कळलं असतं, तर मी त्या माणसाच्या घरी जाऊन भांडण केलं असतं. पुढची एकोणीस वर्षं जे काही झालं ते त्या एका वाक्यापायी झालं आणि त्यात माझ्या ताईची, राहत्या घरातली, सगळ्यात मोठी खोली गेली.

भाऊजी पंपहाऊसमध्ये नोकरीला आहेत. नदीचं पाणी उपसून टाकीत चढवणारे पाच पंप आहेत आणि त्या पाचांची नाडी भाऊजींच्या हातात असते. म्हणजे हातात नाही, कानात. हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक ते चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात, डोळे मिटतात आणि अर्धं मिनिट श्वास घेत नाहीत. मग म्हणतात, "तीन नंबर. आतल्या बाजूचं. आठ दिवस काढेल." नवव्या दिवशी ते बेअरिंग जातं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यामुळे याबद्दल माझी काही तक्रार नाही. लोखंड झिजतं, झिजलं की आवाज बदलतो, हे मला पटतं. मी शाळेत गणित शिकवतो, मला पटण्यासारखं असलं की पटतं.

तक्रार सुरू व्हायची ती संध्याकाळी, भाऊजी घरी आल्यावर.

ताईच्या घराची पुढची खोली म्हणजे एक खुर्ची आणि दोन स्पीकर. खोली चांगली मोठी, दोन खिडक्यांची, पण त्यात दुसरी खुर्ची ठेवायला परवानगी नव्हती. दुसरी खुर्ची आली की आवाज तिच्यावर आपटतो म्हणे. स्पीकर माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच आणि खुर्चीच्या चार पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा. झाडताना खुर्ची बोटभर इकडेतिकडे झाली तरी भाऊजी बसल्याबसल्या सांगायचे, "कुणीतरी हलवलीय." भिंतीवर घड्याळ नाही, कारण टिकटिक. सहा ते आठ फ्रिज बंद, कारण घरघर. ताईचं दूध किती वेळा नासलं त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण ठेवायला हवा होता.

आणि ती वायर. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी, अंगठ्याएवढी जाड वायर. ती जमिनीला टेकू द्यायची नाही, टेकली की आवाज गढूळ होतो. म्हणून ती अकरा लाकडी ठोकळ्यांवरून नेलेली. तिच्यावर बाण छापलेले आणि बाणाच्या दिशेनंच लावायची, नाहीतर गाणं अवघडल्यासारखं होतं. नवी आणली तेव्हा ती दोनशे तास मुरवायची होती. भाऊजी आणि ताई माझ्याकडे आठ दिवस राहायला आले आणि तिकडे कुलूप लावलेल्या घरात ती वायर रात्रंदिवस गाणी म्हणत मुरत बसली. शेजारच्यांनी चार दिवस वाट पाहून दार फोडायची तयारी केली होती, आत कुणीतरी पडलं असेल म्हणून.

मला भाऊजी मोठ्या आग्रहानं ऐकायला बोलवायचे. "मास्तर, या. तुम्ही आलात की मजा येते." मी जायचो, माझ्यासाठी कोपऱ्यात सतरंजी घातलेली असायची. सहा वर्षांनी मला कळलं की कोपऱ्यात खालचे सूर साचतात आणि ब्याण्णव किलोचा माणूस तिथे बसला की ते त्याच्यात जिरतात. मला वाटायचं, भाऊजींना माझी सोबत आवडते. खरं सांगतो, वाईट वाटलं.

पण माझं काय, मी आठवड्यातून एकदा जिरवायला जाणार. ताई रोज तिथे राहत होती. ताई कपडे शिवते. शिवते म्हणजे काय, ज्याच्या अंगावर कुठलाच कोट धड बसत नाही असा माणूस तिच्याकडून सरळ होऊन बाहेर पडतो. पण तिचं मशीन स्वयंपाकघरात, ओटा आणि सिंकच्या मधल्या फटीत. कापड बेतायचं ते जेवणाच्या टेबलावर. एकदा माझ्या घासात टाचणी निघाली, तर ताई म्हणाली, "बरं झालं, सापडली." गिऱ्हाइकांना घालून बघायचं असेल तर न्हाणीघरात. आणि सहा ते आठ मशीन बंद.

एकोणीस वर्षांत ताईनं खोली तीनदा मागितली. भाऊजी रागावले नाहीत, भाऊजी कधीच रागावत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात चीड आणणारा गुण आहे. ते शांतपणे म्हणायचे, "खोलीतल्या हवेला आता सवय झालीय गं." हवेशी भांडणार कसं? ताई परत फटीत जाऊन बसायची.

चौथ्या वेळी गोष्ट वेगळी होती. बँकेतल्या एक बाई ताईच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या बँकेनं सगळ्यांना एकसारखे कोट द्यायचं ठरवलं, बेचाळीस माणसं, आणि बाईंनी ताईचं नाव पुढे केलं. फक्त त्या म्हणाल्या, "मापं घ्यायला नीट जागा हवी. आमच्या मॅनेजरना मी तुमच्या न्हाणीघरात उभं करू का? तिथे माझ्याच खांद्यावर नळ गळत होता. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरीकडे देतील." ताईनं आयुष्यात स्वतःसाठी एवढी मोठी गोष्ट कधी मागितली नव्हती. तिनं बुधवारी मला फोन केला आणि नुसतं "ये" म्हणाली.

मी गेलो. जेवताना विषय निघाला, भाऊजींनी हवेचं सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

"भाऊजी," मी म्हणालो, "ती तुमची जाडी वायर काढून टेबललॅम्पची वायर लावली ना, तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

भाऊजींचा घास हातात राहिला. "मला?"

"तुम्हालाच."

"मास्तर, मी पंपाचं बेअरिंग—"

"बेअरिंग लोखंडाचं असतं. हे तुमच्या मनाचं आहे. डोळे बांधा आणि ओळखून दाखवा."

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताई पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "ओळखलं तर यापुढे या घरात कुणी खोलीचं नाव काढायचं नाही. नाही ओळखलं तर खोली हिची. त्याच दिवशी."

नियम मी केले. वीस फेऱ्या. दर फेरीला नाणं उडवून ठरणार की वायर कुठली. पंधरा किंवा जास्त बरोबर आल्या तर भाऊजी जिंकले, त्याच्या आत आल्या तर ताई. आंधळेपणानं उत्तरं दिली तर माणसाला साधारण दहा मिळतात. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात शिकवतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरचे झोपतात.

भाऊजींनीही अटी घातल्या. मी वायर बदलायची नाही, कारण माझा चेहरा बोलतो. चेहरा त्यांना दिसणार नाही म्हटलं तर म्हणाले, मग श्वास बोलतो. वायर ताईनं बदलायची. नाणंही तिनंच उडवायचं, पडद्यामागे, आणि कुठली लावली ते तिनंच लिहून ठेवायचं. मी पडद्याच्या अलीकडे बसून फक्त उत्तरं लिहायची.

"पण खोली तर तिलाच हवीय," मी म्हणालो. "परीक्षा तिच्याच हातात देताय?"

"हिच्याइतकं खरं बोलणारं माणूस मी बघितलेलं नाही," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि ही सांगते, हा रंग तुम्हाला शोभत नाही."

हे खरंच होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी ताईनं दोन्ही वायरींना खोळी शिवल्या. राखाडी कापडाच्या, एकसारख्या. टेबललॅम्पची वायर बारीक, म्हणून तिच्याभोवती कापूस गुंडाळून तिनं ती अंगठ्याएवढी जाड केली. शेजारीशेजारी ठेवल्यावर मला फरक सांगता येईना. एकीच्या टोकांना लाल दोऱ्याचे टाके, दुसरीच्या टोकांना निळ्या. लाल कुठली आणि निळी कुठली हे तिनं एका कागदावर लिहिलं, कागदाची घडी घातली आणि ती घडी मशीनखाली धरून चारी बाजूंनी शिवून टाकली. पाकीट बंद करायची ही रीत मी पहिल्यांदाच पाहिली. तो शिवलेला कागद तिनं माझ्याकडे सांभाळायला दिला.

भाऊजींनी शनिवारी रजा काढली. कानांना विश्रांती म्हणून दिवसभर कापसाचे बोळे घालून बसले आणि जे काही हवं ते चिठ्ठीवर लिहून मागत होते. ताईनं उत्तर मात्र तोंडानं दिलं की ते हातानं "हळू" अशी खूण करायचे. संध्याकाळी त्यांनी ठोकळ्यांवरची धूळ पुसली. मला वाटलं, हा माणूस हरणार आणि ह्याला कल्पनाही नाही. मला त्याचा फार आनंद होत होता.

रविवारी सकाळी दहाला परीक्षा सुरू झाली. स्पीकरच्या अलीकडे पलंगपोस टांगून मागे अ‍ॅम्प्लिफायरपाशी ताई बसली. खुर्चीत भाऊजी, डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल. मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात, कारण मी तिथून हललो तर खोलीचा तोल जातो. गाणं एकच. एक बाई आणि एक वाद्य, चाळीस सेकंद. प्रत्येक वेळी ताईनं वायर सोडायची आणि पुन्हा जोडायची, नाण्यानं तीच वायर परत दिली तरीसुद्धा.

पहिली फेरी. चाळीस सेकंद संपले. भाऊजी म्हणाले, "माझी."

मी लिहिलं.

"दुसरी," त्यांनी पुढच्या वेळी सांगितलं. "बाईंनी तोंडासमोर रुमाल धरलाय."

"नुसतं माझी किंवा दुसरी म्हणा. बाईंचं सांगू नका."

"माझी. बाई एक पाऊल पुढे आल्या."

सातव्या फेरीपर्यंत बाई बऱ्याच पुढे-मागे झाल्या होत्या. नवव्या फेरीला त्यांच्या मागे भिंत आली. अकराव्यानंतर मी चहा मागितला, भाऊजींनी घेतला नाही, गरम चहानं कान फुगतात म्हणून. मी दोघांचा प्यायलो. चौदापासून सतरापर्यंत ते सलग चार वेळा "दुसरी" म्हणाले, जराही न अडखळता, आणि मला वाटलं, आता थकले, एकच धरून बसले. विसावी फेरी संपली. टॉवेल काढल्यावर त्यांचा चेहरा नुकतीच अंघोळ केल्यासारखा ताजा होता. "एकही चुकलेली नाही," ते म्हणाले.

ताई पडद्यामागून तिची यादी घेऊन आली. मी शिवलेला कागद काढला, तिनं छोट्या कात्रीनं टाके उसवले. मी मोठ्यानं वाचलं: "लाल यांची. निळी साधी."

मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. पहिली फेरी, ताईची नोंद निळी, भाऊजींचं उत्तर "माझी". चूक. दुसरी फेरी, लाल, "दुसरी". चूक. तिसरी चूक. चौथी चूक. दहाव्यापर्यंत मला हसू आवरेना. पंधराव्याला मी उघड हसलो. वीसपैकी शून्य! सव्वीस वर्षं मी पेपर तपासतोय, पण बरोबर-की-चूकच्या प्रश्नांत शून्य मिळवणारं कार्टं मला अजून भेटलं नव्हतं, आणि तसं मी बोललोही. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"परत मोजा," भाऊजी म्हणाले.

मी परत मोजलं. मग त्यांनी स्वतः बोट ठेवून मोजलं. मग टॉवेलची नीट घडी घातली.

"खोळ उसवून बघायची का?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"हिच्या अक्षरावर हिच्यासमोर शंका घेऊ?" ते म्हणाले. "खोली रिकामी करतो."

ताई चहाची भांडी घेऊन आत गेली. दुपारी चारपर्यंत सगळं सामान मधल्या बोळात, चादरीखाली गेलं होतं; त्या दोन खोळी तेवढ्या ताईनं स्वतः उचलून ठेवल्या. भाऊजींनी खडूच्या खुणासुद्धा ओल्या फडक्यानं स्वतः पुसल्या.

सोमवारी ताईनं बँकेला होकार कळवला. खोलीत मोठं टेबल आलं, माणसाएवढा आरसा आला, मशीन खिडकीशी आलं. बँकेतली माणसं पाच-पाच, सहा-सहा करून यायची, हात वर करायची, वळायची, आरशात बघून पोट आत घ्यायची. मॅनेजर तर जाताना "काय प्रशस्त जागा आहे" असंही म्हणाले. ताईला आनंदानं नाचायला हवं होतं. ती नुसती शिवत होती, खाली मान घालून. मी म्हटलं, थकली असेल.

भाऊजींचं मात्र काहीतरी बिनसलं. खोली गेल्याचं त्यांनी एकदाही काढलं नाही. पण एके दिवशी मला म्हणाले, "मास्तर, नळ ठिबकतोय का, की मला नुसतं वाटतंय?" नळ ठिबकत होता. दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली तर ते उठले, परत बसले आणि ताईला विचारलं, "वाजली का गं?" जेवताना ते माझ्या तोंडाकडे बघून ऐकायला लागले. एकोणीस वर्षं मी त्या कानांना शिव्या घातल्या, आणि आता ते पडलेले बघवेनात.

पंपहाऊसमध्ये नव्या साहेबांनी एक मीटर आणलेलं आहे. पंपाला चिकटवायचं, आकडा वाचायचा. भाऊजी त्याला हात लावत नसत. परीक्षेनंतर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खणात टाकला आणि रोज मीटरचा आकडा उतरवून घ्यायला लागले. त्यांचा दुसऱ्या पाळीचा जोडीदार मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "चार नंबरसमोर उभे राहतात, कान पुढे करतात, आणि मग जाऊन मीटर आणतात. भांडण झालंय का घरात?"

चाळिसाव्या दिवशी चार नंबरचं बेअरिंग जाम झालं. दुपारपासून आमच्या अर्ध्या गावाला पाणी नाही. मीटरचा आकडा सकाळपर्यंत व्यवस्थित होता. भाऊजी संध्याकाळी घरी आले, हात काळे, मला बघून ओसरीवरच्या पायरीवर टेकले.

"मला आठ दिवस ऐकू येत होतं ते," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय, काहीही ऐकू येतं," भाऊजी म्हणाले आणि हात धुवायला गेले. नळाला पाणी नव्हतं.

निदान बोळातला पसारा माळ्यावर टाकू, तो रोज त्यांच्या डोळ्यांपुढे नको, म्हणून मी चादर काढली. सगळ्यात वर त्या दोन खोळी. लाल टोकांची उचलली, हलकी, नुसता कापूस. निळ्या टोकांची उचलली आणि माझं मनगट खाली गेलं.

साधी वायर निळी. कागदावर तसं होतं, मीच मोठ्यानं वाचलं होतं. मग ही निळी एवढी जड कशी? मी टोकाचे चार टाके दातांनी तोडले. आत जाड वायर होती, बाणांसकट.

कागद उलटा लिहिला होता, म्हणजे भाऊजींची वीसच्या वीस उत्तरं बरोबर होती. आणि हे कळायला मला खोळ उसवायची गरजसुद्धा नव्हती. ज्याला काही ऐकू येत नाही त्याला दहा मिळतात. सलग वीस वेळा चुकायलाही ऐकू यावं लागतं! मी हे शिकवतो. शून्य माझ्या हस्ताक्षरात चाळीस दिवस माझ्या खिशात होतं आणि मी त्यावर विनोद करत होतो. त्यांनी वायर ऐकली, की ताई ती जड वायर जोडताना जो दम घ्यायची तो ऐकला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ऐकलं होतं.

मी निळी खोळ घेऊन खोलीत गेलो. ताईनं खोळ पाहिली आणि मशीन थांबवलं.

"कागद उलटा लिहिलास तू," मी म्हणालो.

"हळू बोल."

"तू! तू खोटं लिहिलंस?"

"लिहिलं."

"अगं पण कशासाठी? ते असेही नापासच होणार होते! मी तुला सांगितलं होतं, फार तर दहा येतील म्हणून!"

"तू सांगितलं होतंस," ताई म्हणाली. "तू त्यांच्याबरोबर आठवड्यातून दोन तास बसतोस. मी पातेल्यावर झाकण कसं ठेवलं त्यावरून त्यांना कळतं की मी रडून आलेय. त्यांना वीस येणार होते. मला शनिवारीच माहीत होतं."

"मग आता सांग त्यांना."

"सांगणार आहे." तिनं टेबलावरच्या कापडाकडे हात केला. "सहा कोट राहिलेत. ते झाले की सांगते. आत्ता सांगितलं तर खोली परत द्यावी लागेल, आणि सहा माणसं उघडी राहतील."

मी तिच्या बाजूचा. पण मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. तेवढ्यात दारात भाऊजी आले. ताईनं घाईनं मशीन सुरू केलं. तिच्या हातात मॅनेजरांच्या कोटाची कॉलर होती.

भाऊजी चहा विचारायला आले असावेत. पण दारातच थबकले. मान किंचित वाकडी झाली, नजर मशीनवर गेली, तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी म्हणत होतात."

"काही नाही गं. चांगलं चाललंय तुझं." आणि ते परत फिरले.

ताईनं पाय उचलला. कॉलर उजेडात धरली. टिपेच्या कडेनं कापडाचे धागे ओढले गेले होते, ठिकठिकाणी टाका सुटला होता. सुईचं टोक गेलेलं होतं. वीतभर कॉलर वाया गेली होती, आणि ती जात असताना दारात उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू आलं होतं, आणि तो "चांगलं चाललंय" म्हणून निघून गेला होता.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. कॉलरसाठी नाही, एवढं मलाही कळलं. तिनं हाक मारली, "अहो, इकडे या."

भाऊजी आले. ताई उभी राहिली, परीक्षेला उभी राहावी तशी.

"लाल-निळं मी उलटं लिहिलं होतं," ती म्हणाली. "निळी तुमची होती. मला खोली हवी होती."

मी भिंतीकडे सरकलो. एकोणीस वर्षं न रागावलेला माणूस रागावला तर काय होतं याचा कुणालाच अनुभव नव्हता.

भाऊजींनी आधी माझ्या हातातली खोळ बघितली. मग म्हणाले, "सगळ्या वीस?"

"सगळ्या वीस."

"चौदा ते सतरा? तिथे मला वाटलं होतं की नाणं चार वेळा एकच कसं पडेल."

"पडलं होतं. चारही वेळा साधीच लावली होती मी."

"मी चारही वेळा साधीच म्हणालो होतो," भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले. "मास्तर, कागद आहे ना?"

होता. मी खिशातून काढला. त्यांनी तो टेबलावर, सहा कोटांच्या तुकड्यांवर पसरला आणि पहिल्यापासून बोट फिरवत वाचला. वीसपर्यंत पोचल्यावर ते बोट त्यांनी खालच्या शून्यावर टेकवलं.

"मार्क दुरुस्त करा."

मी आजवर एकाही पालकासाठी मार्क दुरुस्त केलेले नाहीत. त्या दिवशी शून्यावर काट मारली, वीस लिहिले आणि खाली सही केली. तारीख घाला म्हणाले, तारीखही घातली. कागदाची घडी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

"खोली उद्या रिकामी करते," ताई म्हणाली.

"सहा कोट राहिलेत ना?"

"हो."

"मग? खोली राहू दे तुझ्याकडे. माझी वायर फक्त सात फुटांची आहे, स्वयंपाकघरातसुद्धा मावेल." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "सुई बदल आधी. मघापासून कापड कुरतडतेय." आणि त्यांनी कोपऱ्यातला पाना उचलला, चपला घातल्या.

"आता कुठे निघालात? पाळी संपली ना तुमची?"

"दोन नंबर मंगळवारपासून कण्हतोय," भाऊजी म्हणाले. "आजच खोलायला हवा."

दारापर्यंत गेले आणि थांबले. आमच्याकडे पाठ होती. तसंच त्यांनी विचारलं, "तुला असं नाही वाटलं, की मास्तर म्हणतात ते बरोबर असेल? मला काही ऐकूच येत नसेल?"

"तसं वाटलं असतं," ताई म्हणाली, "तर मी खरं लिहिलं असतं."

भाऊजींनी मान हलवली आणि ते पंपहाऊसला गेले.